'आय वर्क हार्डली' म्हटलं तर नेमकं काय चुकतं?

तुमचा प्रश्न असा आहे की स्लोचं स्लोली होतं, क्विकचं क्विकली होतं, मग मुलाखतीत 'आय वर्क हार्डली' म्हटल्यावर समोरच्यांनी चमकून का पाहिलं? मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. हे वाक्य दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वहीत सापडतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला म्हणायचं होतं 'मी खूप मेहनत करतो'. त्यांच्या कानावर पडलं 'मी फारसं काम करतच नाही'. हार्ड हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही, फास्टसारखाच. त्याला 'ली' जोडायची गरजच नाही. 'आय वर्क हार्ड', संपलं. हार्डली हा निराळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ जेमतेम, क्वचितच, नसल्यात जमा.

आपल्या जिल्ह्यातच दोन्ही शब्दांची सोय आहे. इगतपुरीला घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो: 'इट रेन्स हार्ड इन इगतपुरी.' सिन्नरचा पूर्व भाग पर्जन्यछायेत, तिथे आभाळाकडे डोळे लावून बसावं लागतं: 'इट हार्डली रेन्स इन ईस्ट सिन्नर.' शब्दांच्या जागाही बघा. हार्ड क्रियापदाच्या नंतर येतो, हार्डली आधी. सोबत कॅन, हॅव यांसारखं सहायक क्रियापद असेल तर हार्डली त्याच्या नंतर बसतो: 'आय कॅन हार्डली हिअर यू', म्हणजे तुमचं बोलणं मला धड ऐकू येत नाहीये.

निफाडकडच्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, 'माय फादर वर्क्स हार्डली इन द ग्रेप फार्म.' ऑक्टोबर छाटणीपासून माल गाडीत भरेपर्यंत बागेत राबणाऱ्या बापाबद्दल ते पोर मनापासून लिहीत होतं आणि वाक्य मात्र सांगत होतं की वडील बागेत जेमतेमच काम करतात. अशा वेळी नुसती लाल रेघ मारून भागत नाही. शेजारी बसवून दोन्ही अर्थ मराठीत मोठ्याने वाचून दाखवले की ते कायमचं लक्षात राहतं.

आता मेहनतीच्या शब्दातून 'नसल्यात जमा' हा अर्थ कसा निघाला? पूर्वी हार्डलीचा अर्थ 'कष्टाने, मुश्किलीने' असाही होता. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, श्रीमंत माणसाला स्वर्गाच्या राज्यात शिरणं कठीण, हे सांगताना हार्डली वापरलाय तो याच अर्थाने. जे मुश्किलीने घडतं ते जेमतेम घडतं, आणि जेमतेम म्हणजे जवळपास नाहीच. आपणही 'मुश्किलीने दहा माणसं आली असतील' म्हणतो तेव्हा कोणाच्या कष्टांबद्दल बोलत नसतो, माणसं कमी आली एवढंच सांगत असतो. (असा नेमका आकडा असेल तर इंग्रजीत मला बेअर्ली जास्त शोभतो: 'बेअर्ली टेन पीपल.')

दुसरी अडचण मराठी माणसाची खास. आपलं 'फारसं' नकाराशिवाय चालत नाही. 'तो फारसा बोलत नाही' म्हणताना 'नाही' लागतोच. तेच डोक्यात ठेवून आपण 'ही डझन्ट हार्डली टॉक' म्हणतो. प्रमाण इंग्रजीत हे चूक, कारण 'फारसा' आणि 'नाही' हे दोन्ही हार्डलीच्या पोटात आधीच आहेत. 'ही हार्डली टॉक्स' पुरे. म्हणूनच वाक्याच्या शेवटी जोडायचा छोटा प्रश्न होकारी येतो: 'ही हार्डली टॉक्स, डझ ही?' एरवी नकारासोबत येणारे एनी, एव्हर हे शब्दही याच्यासोबत सहज बसतात. 'हार्डली एनी वॉटर' म्हणजे पाणी नावालाच, 'हार्डली एव्हर' म्हणजे क्वचितच कधीतरी.

बारावीच्या मुलांना घाम फोडणारी रचना म्हणजे 'हार्डली... व्हेन'. ॲज सून ॲज आणि नो सूनर दॅनच्या जोडीने ती पाठ करवून घेतात. खरं तर ती पाठ करायची गरजच नाही, ती आपल्या तोंडात आहे. 'पाऊस थांबतो न थांबतो तोच गंगापूर धरणातून पाणी सोडलं', हे वाक्य नाशिकच्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. इंग्रजीत तेच: 'हार्डली हॅड द रेन स्टॉप्ड व्हेन वॉटर वॉज रिलीज्ड फ्रॉम द गंगापूर डॅम.' आपल्या 'थांबतो न थांबतो'मधला 'न' जे काम करतो तेच तिथे हार्डली करतो. आपल्या 'तोच'च्या जागी व्हेन. हार्डली वाक्याच्या सुरुवातीला आला की हॅड उडी मारून कर्त्याच्या आधी येतो, प्रश्नात येतो तसा. आणि दॅन इथे घालू नका. सूनर हे तुलनेचं रूप आहे म्हणून दॅन त्याला लागतो, हार्डलीत तुलना नाही.

एक वापर पुस्तकात कमी सापडतो पण बोलण्यात खूप येतो. 'दॅट्स हार्डली फेअर.' याचं भाषांतर 'ते जेमतेम न्याय्य आहे' असं केलंत तर फसाल. त्याचा अर्थ 'हे काही बरोबर नाही', सौम्य शब्दांत पण ठाम. आणि कोणी 'इट्स हार्डली सरप्रायझिंग' म्हणालं तर ते आपलं 'त्यात नवल ते काय!' समजा.