शुगरमुळे लिंगाची ताठरता टिकत नाही. नागपुरात दीड लाखात स्टेम सेलची इंजेक्शनं घ्यावीत का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वय 51, आठ वर्षांपासून शुगर, आणि एका क्लिनिकने तीन इंजेक्शनं सांगितली आहेत. पैसे भरू नका. मी 54 चा आहे, याच वाटेने जाऊन आलोय.

मलाही सांगितलं होतं, पोटाची चरबी काढू, त्यातल्या स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी टोचू, नवीन रक्तवाहिन्या फुटतील. अॅडव्हान्स भरून बसलो होतो. सही करताना संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात दिसलं: उपचार प्रायोगिक आहे, पैसे परत मिळणार नाहीत. भाचा फार्मसीत आहे, त्याने विचारायला सांगितलं होतं, म्हणून म्हटलं, "प्रयोग आहे तर सीटीआरआयचा, म्हणजे औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी नंबर द्या." समोरच्या बाईंनी पुन्हा तेच रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. मी उठलो. अॅडव्हान्स गेला तो गेलाच.

आयसीएमआर म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या स्टेम सेलबद्दलच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांतल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटसारख्या उपचारांना. बाकी सगळं संशोधन, आणि ते मंजूर चाचणीतच करायचं. चाचणीत पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. तुमच्याकडे दीड लाख मागितले, यातच सगळं आलं.

मला उपयोग झाला तो नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या 'सुपर'मध्ये (सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात), यूरॉलॉजीच्या म्हणजे मूत्ररोगाच्या ओपीडीत. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. लाजेने मी कागद घडी करून मुठीत धरला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चालताना छाती भरून येते का?" मग कळलं, लिंगाच्या धमन्या जेमतेम 1-2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3-4 च्या. त्यामुळे बारीक नळी आधी तक्रार करते आणि हृदयाचं दुखणं कधीकधी काही वर्षांनी समोर येतं. माझा ईसीजी काढला, कोलेस्टेरॉल आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासलं. एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, निघालं 9.6, बरंच जास्त. दुसरा प्रश्न खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा होता. दिवसाला चार पुड्या खायचो. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, हे आधी कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

खर्रा सुटायला तीन महिने लागले, फार जड गेले. शुगर आटोक्यात आली, ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल सुरू झाली, आता बराच फरक आहे. गोळीने भागलं नाही तर पंप, लिंगात टोचायचं औषधाचं इंजेक्शन (स्टेम सेलचं नव्हे), इम्प्लांट हे पुढचे मार्ग आहेत, तेही तिथेच विचारा.

आणि छातीसाठी सॉर्बिट्रेट किंवा तसली नायट्रेटची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना पहिले सांगा. सिल्डेनाफिलसोबत ती घेतली तर बीपी एकदम खाली जातं. मेडिकल स्टोअरमधून परस्पर काही घेऊ नका.