बदललेले गुडघे, पेसमेकर आणि विमानतळावरील तपासणी

आपल्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, वडिलांना पेसमेकर आहे, दोघे मुंबईहून अमेरिकेतील नेवार्कला जाणार आहेत आणि डॉक्टरांचे पत्र दाखवल्यास त्यांना सुरक्षा तपासणीतून सूट मिळेल का, असे आपण विचारले आहे. सूट मिळत नाही. यंत्र का वाजले, हे पत्रामुळे सांगणे सोपे जाते, एवढाच त्याचा उपयोग. माझेही दोन्ही गुडघे बदललेले आहेत व यजमानांना पेसमेकर आहे, त्यामुळे धातू शोधणाऱ्या यंत्राच्या या दारासारख्या चौकटीतून आम्ही बरेचदा गेलो आहोत.

इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवलेला कृत्रिम भाग, टायटॅनियमचे असेल तर यंत्र वाजत नाही, हा समज पुष्कळांचा असतो आणि तो चुकीचा आहे. चौकटीतील तारांच्या वेटोळ्यांमुळे सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि वीज वाहून नेणारा कोणताही धातू त्यात आला की त्या धातूत प्रवाह निर्माण होऊन यंत्राला त्याची चाहूल लागते. धातू लोहचुंबकाला चिकटतो की नाही, याचा येथे संबंध नाही. शिवाय गुडघ्यातील मांडीच्या हाडाकडचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो. हृदयातील स्टेंट किंवा दाताचा स्क्रू इतका लहान असतो की तो सहसा वाजत नाही. दोन अख्खे गुडघे मात्र वाजणारच, असे गृहीत धरावे.

भारतातील विमानतळांवर याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, कारण येथे चौकटीतून गेल्यावर प्रत्येक प्रवाशाची हातयंत्राने, म्हणजे हातात धरायच्या धातुशोधक यंत्राने, तपासणी होतेच. स्त्रियांची रांग वेगळी असते आणि तपासणी पडद्याआड, महिला कर्मचारी करतात. आईंनी आत पाऊल ठेवतानाच ‘दोनों घुटनों का ऑपरेशन हुआ है’ एवढे सांगावे. मी प्रत्येक वेळी तेच सांगते. एकदा हातयंत्र गुडघ्यापाशी वाजताच त्या मुलीने साडीवरूनच दोन बोटांनी वाटी चाचपली, दुसरा गुडघाही तसाच पाहिला आणि मग अगदी हळू आवाजात, दोन्ही एकदमच केले का, असे विचारले. तिच्या आईलाही डॉक्टरांनी तेच सुचवले होते. बाहेर रांग खोळंबली होती आणि आत आम्ही फिजिओथेरपीबद्दल बोलत होतो.

पुढे अमेरिकेत देशांतर्गत विमान पकडायचे असल्यास त्यांची पुन्हा तपासणी होईल. तेथे बहुतेक ठिकाणी हात डोक्यावर धरून उभे राहण्याचे स्कॅनर असतात. त्यांच्या लहरी कपड्यांतून आरपार जातात, परंतु शरीराच्या आत शिरत नाहीत, त्यामुळे आतील गुडघा त्यांना दिसतच नाही. आईंचे खांदे धरलेले असतील आणि हात वर जात नसतील, तर तसे आधी सांगावे. मग हाताने तपासतात, आणि ते खासगी खोलीत करावे अशी विनंतीही करता येते.

वडिलांच्या बाबतीत मात्र थोडी अधिक दक्षता घ्यावी. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने नेहमीच्या चालीने चौकट ओलांडायला सहसा हरकत नसते. तिथे रेंगाळू नये किंवा तिला टेकून उभे राहू नये. हातयंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नये, वा तेथे ते वारंवार फिरवू देऊ नये. पेसमेकर असल्याचे कार्ड दाखवून हाताने तपासण्याची विनंती करावी. आमच्या अनुभवात ती कोणी नाकारलेली नाही. निघण्यापूर्वी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे, विशेषतः उपकरण नुकतेच बसवले असेल तर.

व्हीलचेअर हवी असल्यास विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवावे. व्हीलचेअरवरील प्रवाशाचीही तपासणी होतेच.

आणखी एक गोष्ट आम्ही स्वतः चुकून शिकलो. पहिल्या प्रवासात दोघांचे कागद एकाच फायलीत होते, फाईल यजमानांच्या बॅगेत, बॅग क्ष-किरण यंत्रात, आणि यजमान पुरुषांच्या रांगेत. मी पडद्याआड रिकाम्या हातांनी उभी. तेव्हापासून मी इम्प्लांटचे कार्ड व डिस्चार्ज कार्डाची एक प्रत बोर्डिंग पासच्या घडीतच ठेवते आणि यजमान त्यांचे कार्ड शर्टाच्या खिशात ठेवतात.