आधी पॉलिश, मग ठोकाठोक

प्रश्न : देवरुखला आमच्या कौलारू घराचं काम काढलंय. माजघराचं छत आणि एक भिंत पाइनच्या फळ्यांनी मढवायची आहे. फळ्या चार इंची, एका कडेला जीभ, दुसरीला खाच. सुतार म्हणतो, आधी ठोकून घेऊ, पॉलिशवाला नंतर येईल. गणपतीच्या आत उरकायचंय. पॉलिश चकचकीत करावं की मॅट?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, चकचकीत की मॅट ते नंतर बघू. आधी सुताराला थांबवा.

फळ्या पावसाळ्यात फुगतात आणि मार्चात आकसतात. चार इंची फळी सहज एखादा मिलिमीटर आत जाते. मग खाचेत लपलेली जीभ बाहेर डोकावते, आणि तिला पॉलिश लागलेलंच नसतं. पिवळसर छतावर ओळीने कोऱ्या पांढऱ्या रेघा! पाचगणीच्या एका बंगल्यात मी हेच करून बसलोय. भर जुलैत आधी ठोकलं, मग पॉलिश मारलं. होळीला मालकांचा फोन. परांचीवर उताणा पडून बारीक ब्रशने एकेक रेघ भरली, चार दिवस मान वळत नव्हती. मजुरी अर्थातच माझ्या खिशातून.

तेव्हा फळ्या सुताराच्या लाकडी घोड्यांवर (तिवयांवर) आडव्या टाका आणि जिभेसकट चारी बाजूंनी हात मारून घ्या. पाठीलाही एक हात हवाच, नाहीतर ओल मागून शिरते आणि फळी वाकते. त्याआधी दहा-पंधरा दिवस त्या माजघरातच मध्ये रिपा घालून रचून ठेवा. गाडीतून उतरवलेला माल त्याच दिवशी ठोकायचा नसतो.

पाइनची खरी डोकेदुखी म्हणजे गाठी. कौलांखालचं छत उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं, मग गाठीतून राळ पाझरते आणि पॉलिशवर चिकट थेंब जमतात. त्यासाठी चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ चकत्या, स्पिरिटमध्ये विरघळवून बरणी काही दिवस हलवू नका. मेण तळाशी बसेल. वरचं निवळ तेवढं घ्या, प्रत्येक गाठीवर दोन पातळ हात. मेणासकट वापरलात तर वरचं पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) धरत नाही, पापुद्रे सुटतात. सर धोधो कोसळत असताना मात्र चपड्याला हात लावू नका, पांढरी झाक येते. उघडीप बघून दुपारी करा.

अक्रोडी रंगाचा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) कोणी सुचवला तर नको म्हणा. पाइन तो ठिकठिकाणी कमीजास्त पितं आणि डागाळतं. नुसतं ठेवलंत तर दोनेक वर्षांत ते आपोआप मधाळ होतं. (भिंतीवर कॅलेंडर टांगू नका, काढाल तेव्हा खाली फिका चौकोन!)

आता तुमचा प्रश्न : मॅट. चकचकीत छतावर दिवा लावला की हातोडीचा प्रत्येक ठोका दिसतो. पीयूचे दोन हात पुरेत. आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, दोन हातांच्या मध्ये ३२० चा, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. ठोकून झाल्यावर खिळ्यांची डोकी तेवढी झाका.

गणपतीच्या आत हे सगळं बसेलसं वाटत नाही. यंदा बाप्पा उघड्या छताखाली बसू देत. आणि पॉलिश केलेल्या तीन-चार फळ्या माळ्यावर जपून ठेवा. कधीतरी कौल फुटतं, गळतं, तेव्हा त्याच रंगाची फळी बाजारात मिळत नाही.