एमएच्या प्रबंधासाठी 'सार्वजनिक धोरण आणि सामाजिक समता' घ्यायचंय, पण नक्की काय अभ्यासू आणि माहिती कुठून आणू?

तुम्ही लिहिलंय की गाईड म्हणतात विषय फार मोठा आहे, सर्व्हेला पैसे नाहीत आणि हातात जेमतेम एक सेमिस्टर आहे. गाईडचं बरोबरच आहे. एवढ्या मोठ्या नावाखाली प्रबंध लिहायला बसलात तर पहिली दोन प्रकरणं व्याख्यांमध्येच जातील. त्यापेक्षा एखाद्या नियमाची एक ओळ धरा, ती कुणी लिहिली, का लिहिली, आणि शेवटी ती कुणाच्या दारात जाऊन अडते एवढं शोधा, एमएला ते भरपूर झालं.

मी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के प्रवेशांवर काम केलंय आणि अजूनही प्रवेशाच्या दिवसांत वस्तीतल्या पालकांसोबत फॉर्म भरायला बसते, म्हणून तेच उदाहरण देते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, आणि त्यातलं कलम 12(1)(सी) म्हणतं की खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आठवीपर्यंत फी नाही, शाळेला पैसे सरकार देणार. सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये हे कलम वैध ठरवलं, 2014 मध्ये अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं. हे सगळं पुस्तकात मिळतं, यावर पाच पानांच्या वर खर्च करू नका.

खरा मजकूर पुढे आहे. 9 फेब्रुवारी 2024 ला महाराष्ट्र सरकारने नियमच बदलला, की ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला हे प्रवेश देण्याची गरज नाही. ओळ छोटीशी, पण आपल्या शहरांत एक किलोमीटरच्या आत अशी एकही शाळा नाही असा भाग शोधून दाखवा! त्या वर्षी फॉर्म उघडले तेव्हा पालकांना यादीत जवळपास सगळ्या जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या नाहीतर अनुदानित शाळाच दिसायला लागल्या आणि लोकांनी अर्जच भरले नाहीत, कारण त्या शाळेत तर असाही प्रवेश मिळतोच ना. मग मे महिन्यात मुंबई हायकोर्टाने स्थगिती दिली, 19 जुलै 2024 ला तो बदल रद्दच केला आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. गंमत म्हणजे कर्नाटकने अशाच धाटणीचा नियम आधीच केला होता आणि तिथल्या हायकोर्टाने 2019 मध्ये तो कायम ठेवला. एकच केंद्रीय कायदा, दोन शेजारी राज्यं, दोन हायकोर्टांचे उलटे निकाल. ज्याला फील्डवर जाता येत नाही त्याने फक्त हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले आणि 'जवळची शाळा' या गोष्टीकडे दोघांनी कसं पाहिलं ते लिहिलं तरी उत्तम प्रबंध होईल.

पण तुम्हाला समता हा शब्द खरंच महत्त्वाचा वाटत असेल तर मी म्हणेन कोर्टाच्या खाली उतरा, प्रवेशाला लागणाऱ्या कागदपत्रांच्या यादीपर्यंत. भाड्याने राहणाऱ्या पालकांकडून नोंदणीकृत भाडेकरार मागतात. का मागतात त्यालाही कारण आहे, चांगल्या शाळेजवळचा खोटा पत्ता दाखवून पैसेवाले लोक जागा पटकावत होते आणि ते थांबवायलाच हवं होतं. पण वस्तीतल्या खोलीमालकाकडे स्वतःच्याच खोलीचे धड कागद नसतात, तो करार रजिस्टर कुठून करणार? आणि ज्याच्याकडे कागद आहेत तो म्हणतो नोंदणी वगैरे भानगड नको, दुसरीकडे खोली बघा. वर नोंदणीचा खर्च आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी भाडेकरूचीच. म्हणजे खोट्या भाडेकरूला पकडायला लावलेली जाळी खऱ्या भाडेकरूलाच अडवते. यावर कुणी एका वॉर्डापुरतं जरी नीट काम केलं तरी मला फार बरं वाटेल.

दुसरी गोष्ट नकाशाची. फॉर्म भरताना गूगल मॅपवर तो लाल फुगा ओढून आपल्या घरावर ठेवायचा असतो आणि शाळेचं अंतर त्या फुग्यापासून मोजलं जातं. सायबर कॅफेवाल्याकडे रांग असते, तो पटकन मेन रोडवर फुगा टाकतो आणि पुढचा फॉर्म घेतो, आईला त्या स्क्रीनवर आपली गल्ली ओळखू येत नाही. प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागतो, घरात पेढे वाटले जातात, आणि कागदपत्रं तपासणाऱ्या पडताळणी समितीसमोर कळतं की फॉर्ममधला पत्ता आणि नकाशा जुळत नाही. कायद्याच्या पुस्तकात हा फुगा कुठेच नाही पण मुलाचा प्रवेश त्याच्यावर ठरतो.

माहितीचं म्हणाल तर बरीच फुकट आहे. शासन निर्णय सरकारच्या साइटवर आहेत, निवड यादी आणि प्रतीक्षा यादी आरटीई प्रवेशाच्या पोर्टलवर शाळानिहाय लागते. बाकीसाठी माहिती अधिकार, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा हे लक्षात ठेवा, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. 'प्रवेश का नाकारले' असं विचारू नका, कारण विचारलं की उत्तर येतं की माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. 'अमुक वर्षी अमुक पडताळणी समितीने नाकारलेल्या अर्जांच्या कारणासह नोंदींची प्रत, मुलांची नावं वगळून' असं मागा. उत्तराला 30 दिवस, नाही आलं तर पहिलं अपील, त्यात आणखी महिना जातो, म्हणून गाईडने विषयावर सही करायची वाट न बघता अर्ज या आठवड्यातच टाका.

पालकांशी बोलायला जाल तेव्हा छापील प्रश्नावली घेऊन पहिलाच प्रश्न जातीचा आणि उत्पन्नाचा विचारू नका. दुर्बल घटकाला वर्षाला 1 लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यामुळे वहीपेन घेऊन आलेला माणूस उत्पन्न विचारतोय म्हटल्यावर लोकांना वाटतं चौकशी आली आणि प्रवेश जाणार. आधी स्पष्ट सांगा तुम्ही कोण, कशासाठी आलात, नाव कुठेही छापणार नाही, आणि ते पाळा, शाळेचं नावही टाकू नका कारण एका वर्गात अशी मोजकीच मुलं असतात आणि शाळेला लगेच कळतं कोण बोललं. शाळाचालकांशीही बोला, सरकारकडून परतावा वेळेवर येत नाही ही त्यांची तक्रार जुनी आहे, आणि ती ऐकली नाही तर नियम बदलायचा दबाव कुठून आला हेच तुम्हाला समजणार नाही.

सिद्धांताच्या प्रकरणात बाहेरची नावं भरायच्या आधी महात्मा फुल्यांचं 1882 सालचं, इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेलं निवेदन वाचा. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा हिशोब त्यांनी तेव्हा मांडलाय. पैसा कुणाचा आणि लाभ कुणाला, हाच प्रश्न तुम्हाला तुमच्या नियमाला विचारायचाय.

आणि तुम्ही पुण्या-मुंबईत असाल आणि जरा मेहनतीची तयारी असेल तर माझ्या मते सगळ्यात कमी हात लागलेला विषय नववीचा आहे. फी माफी आठवीला संपते. सुरुवातीच्या वर्षांत प्रवेश मिळालेली मुलं आता नववी ओलांडून गेलीत, त्यातली कितीजणं त्याच शाळेत पूर्ण फी भरून राहिली, कितीजणांनी शाळा बदलली, त्यांच्या मित्रमंडळींचं, माध्यमाचं काय झालं? एका वस्तीतली दहा-बारा कुटुंबं शोधून त्यांच्याशी दोन-दोनदा नीट बोललात तरी तुमच्याकडे असं काही असेल जे कुठल्याच सरकारी तक्त्यात नाही.