रॉडवरचं नाव एपॉक्सीत पसरलं, आता काय?

प्रश्न : दादा नमस्कार, मी अलिबागकडचा. खाडीत जिताडा आणि तांबोशी हे मासे गरवायला, म्हणजे गळाने पकडायला जातो. यावेळी तयार फिशिंग रॉड न घेता पांढरा फायबरग्लासचा ब्लँक (रॉडची नुसती काठी) मागवून स्वतःच बांधला. गाईड (गळाची दोरी ओवायच्या कड्या) बसवले, त्यांच्यावर दोरा मस्त गुंडाळला गेला, मग हँडलच्या वर निळ्या परमनंट मार्करने बाबांचं नाव लिहिलं. चांगलं वाळू दिलं आणि वरून दोन भागांचं एपॉक्सी ब्रशने लावलं तर डोळ्यांदेखत अक्षरं पसरली. परमनंट लिहिलंय ना त्या पेनवर? मग असं का झालं, आणि आता हे दुरुस्त होईल का?

उत्तर : अहो, तो परमनंट असतो तो पाण्यापुरता. मार्करमध्ये बहुतेक वेळा डाय असतो, म्हणजे विरघळलेला रंग, आणि तो अल्कोहोलच्या जातीच्या सॉल्व्हंटमधून येतो. एपॉक्सीचं हार्डनर (दोन भागांतला घट्ट करणारा भाग) त्याला परत ओला करतं आणि एपॉक्सी सेट व्हायला तासन् तास लागत असल्यामुळे रंगाला फिरायला भरपूर वेळ मिळतो. समजा पसरला नसता तरी उन्हात सहा-आठ महिन्यांत फिका पडलाच असता, कारण डाय उन्हाला टिकत नाही.

म्हणून आधी शाई बदला. पिगमेंटवाली हवी, जिच्यात रंगाचे बारीक कण असतात. फिकट ब्लँकवर काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक सगळ्यात भरवशाची, त्यात काजळी असते आणि काजळी ना उन्हाने उडते ना एपॉक्सीत विरघळते. कॅम्लिनची बाटली कुठल्याही बऱ्या स्टेशनरीवाल्याकडे मागून बघा, आणि सोबत टाक आणि बारीक निब घ्या. काळ्या कार्बन ब्लँकवर अर्थात पांढरी किंवा सोनेरी अॅक्रिलिक इंक लागेल. पोस्टर कलर नको, तो वाळला की खडूसारखा भुसभुशीत होतो आणि वरचा थर त्याला धरून राहत नाही.

आता लिहायचं कसं, कारण निम्मी कामं इथेच बिघडतात. चकचकीत ब्लँकवर पाण्याची शाई थेंब-थेंब होऊन गोळा होते. ब्लँक घासत बसू नका, त्यापेक्षा जिथे नाव यायचंय तेवढ्या पट्ट्यावर आधी एपॉक्सीचा एक पातळ हात द्या, पूर्ण सेट होऊ द्या, मग करड्या स्कॉचब्राइटने नुसती चमक घालवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. पुसल्यावर बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की तिथे शाई बसत नाही. या खालच्या थराचा फायदा असा की अक्षर चुकलं तर ओल्या कापसाच्या काडीने लगेच पुसता येतं आणि ब्लँकला काही होत नाही.

देवनागरीत लिहिताय तर अजून एक भानगड आहे जी इंग्रजीत लिहिणाऱ्यांना नसते. ब्लँक तिथे समजा १२-१३ मिलिमीटर जाडीचा असेल, तर समोरून नीट दिसणारी पट्टी ५-६ मिलिमीटरचीच, बाकीचं वळून मागे जातं. त्यात वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार, म्हणजे मूळ अक्षराला जेमतेम ३ मिलिमीटर उरतात. बाबांच्या नावात वर-खाली दोन्हीकडे काही येत असेल तर आधी कागदाच्या पट्टीवर त्याच मापात लिहून ती ब्लँकला गुंडाळून बघा, म्हणजे कळेल. शिरोरेषा सगळ्यात शेवटी मारा. ती सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लांबीत लावतात ते ठीक, पण टेपला निब टेकवू नका, शाई टेपच्या खाली शिरते. टेप दोन मिलिमीटर वर ठेवा आणि नजरेने समांतर जा. रॉड दोन ठोकळ्यांवर टेकवा, मनगटाखाली वहीची थप्पी ठेवा आणि श्वास सोडून झाला की रेघ ओढा.

लिहून झालं की पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. आणि हे लक्षात ठेवा, लिहिल्यानंतर अल्कोहोलने परत पुसायचं नाही! बऱ्याच ड्रॉइंग इंकमध्ये लाख असते, ती स्पिरिटमध्ये विरघळते, आणि अॅक्रिलिकही अल्कोहोलने मऊ पडतं. सगळं सीलिंग याच एका गोष्टीवर उभं आहे, की लिखाण ज्यात विरघळतं ते लगेच वरच्या थरात असता कामा नये. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक नीट वाळली असेल तर एपॉक्सी थेट चालतं. पेंट मार्करने (ज्यात शाईऐवजी पेंट भरलेला असतो तो पेन) लिहिलं असेल तर दोन दिवस वाळवा आणि मध्ये पाण्यावर आधारलेला अॅक्रिलिकचा पातळ थर द्या, रॉड बांधणारे दोऱ्याचा रंग टिकवायला जो कलर प्रिझर्व्हर वापरतात तोच, दिसायला दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. तो अर्धवट ओला असताना एपॉक्सी लावलं तर खाली धुरकट डाग राहतो. स्प्रेच्या डब्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्यातल्या सॉल्व्हंटने पेंट मार्कर हमखास सुरकुततो. आधी मोडक्या रॉडच्या तुकड्यावर हीच शाई आणि हाच थर लावून बघा, दुसऱ्या दिवशी निकाल कळतो.

एपॉक्सीचे दोन्ही भाग समसमान मापात, डोळ्याच्या अंदाजाने नाही. मेडिकलमधली सिरिंज बरेच जण वापरतात पण तिच्या आत सिलिकॉन लावलेलं असतं आणि सिलिकॉनमुळे थरावर गोल खळगे पडतात, तेव्हा छोटे मापाचे कप बरे. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, मग अॅल्युमिनियम फॉइलवर पसरवून ठेवा, बुडबुडे सुटतात आणि काम करायला वेळही जास्त मिळतो. नावाच्या दोन्ही टोकांना दोऱ्याची बारीक पट्टी गुंडाळलेली असेल तर एपॉक्सीची कड तिथे स्वच्छ संपते. आणि रॉड फिरता ठेवा, नाहीतर सगळं खालच्या बाजूला लोंबतं. जुन्या मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर मिनिटाला ५-६ फेरे घेते, या कामाला एकदम फिट, फक्त त्यातल्या बऱ्याच मोटरी थेट २२० व्होल्टवर चालतात (काही कमी व्होल्टच्या असतात, मोटरवर लिहिलेलं बघा) तेव्हा वायरी उघड्या ठेवू नका. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या.

तुमचा आत्ताचा रॉड : हीट गन कमीत कमी तापमानावर, लांबून, हलती ठेवून. एपॉक्सी मऊ झालं की नखाने किंवा प्लॅस्टिकच्या कार्डाने सोलून काढा, ब्लेड अजिबात नको. निळी झाक अल्कोहोलने बरीचशी जाते. तरीही उरली तर तिच्यावर दोऱ्याची रुंद पट्टी गुंडाळा आणि नाव थोडं वर लिहा, कोणाला पत्ता लागणार नाही.

प्रश्न : पावसाळ्यात गरवणं बंद म्हणून जुलैत रॉडचं काम काढलं. नावावरचं एपॉक्सी कडक झालंय पण वर चिकट पांढुरकी साय आलीये. (रत्नागिरी)

उत्तर : जुलैत रत्नागिरीत अजून काय होणार! हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाला भिडतं आणि वर हा थर येतो. घाबरू नका, आतलं लिखाण सुखरूप आहे. साधं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडक्याने धुवा, कोरडं करा, स्कॉचब्राइट फिरवा आणि कोरड्या दिवशी दुसरा हात द्या. थिनर वापरू नका, साय त्याने जात नाही, फक्त पसरते. पुढच्या वेळी रॉड आणि एपॉक्सीच्या बाटल्या काही तास एकाच खोलीत ठेवा, बुडबुडे घालवायला तोंडाने फुंकर मारू नका (तीही ओलसरच असते) आणि धुवूनही चिकटपणा न जाता एपॉक्सी आतपर्यंत चिकटच राहिलं असेल तर तो पावसाचा दोष नाही, मिश्रणाचं माप चुकलंय.

प्रश्न : आजोबांचा जुना बांबूचा रॉड माळ्यावर सापडला, हार्डी कंपनीचा. व्हार्निश पिवळं पडून तडकलंय आणि त्याखाली हाताने लिहिलेली शाईची अक्षरं आणि नंबर दिसतो. सगळं खरवडून नवीन पॉलिश करायचा विचार आहे. (नाशिक)

उत्तर : थांबा! खरवडू नका. हार्डी ही इंग्लंडमधल्या अॅनिकची कंपनी, १८७२ सालची, आणि त्यांच्या जुन्या बांबूच्या रॉडवर नाव-नंबर शाईने हाताने लिहून वरून व्हार्निश केलेलं असायचं. म्हणजे ते पिवळं व्हार्निशच इतकी वर्षं त्या अक्षरांना सांभाळतंय. पेंट रिमूव्हर किंवा अॅसिटोन लागला की व्हार्निशबरोबर अक्षरंही फडक्यावर येतील, आणि परत कितीही सुंदर लिहिलंत तरी ते तुमचं अक्षर असेल, त्या कारागिराचं नाही. रॉडची किंमतही त्या चार ओळींमुळेच आहे म्हणा.

लिखाणाचा भाग आणि दोन्हीकडे बोटभर जागा टेपने न झाकता (टेपचा गोंद जुनं व्हार्निश उचलतो) नुसती सोडून द्या. तिथे किंचित ओलसर फडक्याने मळ पुसायचा, बास. बाकीच्या रॉडवरचं सुटलेलं व्हार्निश हळूहळू कोरडंच काढा. मग सगळ्यावर, लिखाणासकट, टर्पेंटाइनवाल्या स्पार व्हार्निशचा (बाहेर वापरायच्या लाकडाचं व्हार्निश) अगदी पातळ हात, मध्ये एकेक दिवस सोडून दोन-तीन वेळा. पण लिखाणावर लावायच्या आधी एका कोपऱ्यात टिंब लावून बघा, जुना थर मऊ पडतोय असं वाटलं तर तेवढी जागा तशीच राहू द्या. पिवळी दिसली तर दिसली. इथे एपॉक्सी नको, ते जुन्या बांबूवरून परत धड काढता येत नाही.

प्रश्न : शाईची कटकटच नको, कार्बन रॉडवर सुईने नाव कोरून घेतलं तर? (पुणे)

उत्तर : मग रॉड नेमका त्या नावापाशी मोडेल. कार्बन ब्लँक आतून पोकळ, भिंत अगदी पातळ आणि सगळा जोर वरच्या धाग्यांवर. मोठा मासा लागून रॉड वाकला की ओरखड्यापासूनच तडा जातो. कोरायचंच असेल तर हँडलच्या टोकाच्या धातूच्या टोपणावर कोरा.

प्रश्न : बायकोच्या ट्रान्सपरंट नेलपॉलिशने सील केलं तर चालेल का?

उत्तर : नाही. त्यातल्या सॉल्व्हंटने मार्कर आणि अॅक्रिलिक दोन्ही उठतात, वाळलं की ठिसूळ होतं आणि रॉड वाकला की तडकतं. शिवाय बाटली विचारून घेतलीत का?