सरकारी पुरातत्त्वज्ञ सरकारी जमिनीवरची वारसास्थळे प्रत्यक्षात कशी राखतो?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: सरकारी पुरातत्त्वज्ञाचे रोजचे काम काय असते, स्थळ सरकारी जमिनीवर असले म्हणजे ते राखणे सोपे जाते का, आणि एम. ए. झाल्यावर या नोकरीत यावे का. राज्य शासनाच्या सेवेत मी सव्वीस वर्षे हे काम केले आणि त्यातला बराचसा काळ कोकणात व घाटमाथ्यावर गेला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर बहुतांशी त्यातच येते.

सोपे जात नाही. खासगी जमिनीला मालक असतो, आणि तो कितीही तापट किंवा आडमुठा असला तरी कोणी बांध कोरला की दुसऱ्या दिवशी सकाळी तहसील कार्यालयाच्या पायरीवर उभा असतो. सरकारी जमिनीचा बांध कोरला गेला तर ओरडणारे कोणीच नसते. सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या जागी ‘महाराष्ट्र शासन’ असे लिहिलेले असते खरे, पण त्या दोन शब्दांच्या मागे वन विभाग, महसूल, बांधकाम खाते आणि ग्रामपंचायत अशी चार-पाच दारे असतात आणि प्रत्येक दारावर, दुसरा कोणीतरी लक्ष ठेवून असेल, असा समज असतो. आमच्या कामाचा मोठा भाग या दारांवर जाऊन ‘इथे काहीतरी आहे’ हे सांगण्याचा असतो. उत्खनन म्हणाल तर माझ्या वाट्याला सव्वीस वर्षांत मोजून पाच हंगाम आले.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात आणि राज्य संरक्षित स्मारके महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याखाली राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. स्थळ संरक्षित करायचे तर आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने दिले जातात आणि मग अंतिम अधिसूचना निघते. केंद्रीय स्मारकाभोवती २०१० च्या दुरुस्तीनुसार १०० मीटर प्रतिबंधित (बांधकामाला बंदी) आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित (परवानगीनेच बांधकाम) क्षेत्र असते. स्मारकाची नासधूस केल्यास पूर्वी तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होता, तो त्याच दुरुस्तीने दोन वर्षे आणि एक लाखांपर्यंत नेला. मात्र आम्ही पोलीस नाही, हे ध्यानात घ्यावे. आम्ही पाहतो, पंचनामा करवतो आणि ठाण्यात तक्रार देतो. पुढचे सारे इतरांच्या हाती असते.

आणखी एक बाब बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. अधिसूचनेने स्मारक संरक्षित होते, जमिनीची मालकी त्यामुळे आपोआप बदलत नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या गडाचे उदाहरण घ्या. तटबंदी वन विभागाच्या एका कक्षात असते, माची महसुलाकडे असते आणि पायथ्याच्या वाटेवरचा पहिला दरवाजा गावठाणाच्या कडेला असतो. तटात पिंपळ रुजला तर तो काढायला वन विभागाची संमती लागते, आणि ती येईपर्यंत दोन पावसाळे जातात व मुळे दगडाच्या सांध्यात हातभर आत शिरतात. वन विभागाचेही त्यात चुकत नाही. झाड राखणे हे त्यांचे काम आणि भिंत राखणे हे आमचे, आणि दोन्ही एकाच जागी उगवले आहे. नुसते बुंध्याशी छाटून चालत नाही, कारण पुढच्या मृगात ते दुप्पट जोमाने फुटते. मूळ काढून सांधा चुन्याने भरावा लागतो, म्हणजे परवानगी झाडासाठी, गवंडी चुन्याचा आणि निधी तिसरीकडून, असा मेळ एकाच कोरड्या हंगामात जमवायचा असतो.

त्याहून जिकिरीचे काम हद्दीचे. ब्रिटिश काळात १९०४ च्या कायद्याखाली निघालेल्या कित्येक अधिसूचनांत स्मारकाचे नाव, गाव आणि फार तर सर्व्हे नंबर एवढेच आहे. पुढे १९४७ च्या कायद्याने जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि देशावरच्या पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तेव्हा अधिसूचनेतला जुना नंबर आजच्या कोणत्या गटात गेला हे शोधण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात बसून टिपण, फाळणी, आकारबंद आणि एकत्रीकरणाचा उतारा अशी जमिनीच्या मोजणीची जुनी कागदपत्रे एकापुढे एक मांडावी लागतात. एका गडाच्या बाबतीत मला यात चौदा महिने लागले. शेवटी भूकरमापकाने मोजणी करून खुणा दाखवल्या, तेव्हा पायथ्याच्या तलावाचा निम्मा काठ आमच्या नकाशाबाहेर निघाला आणि ज्या टेकाडावर काहीही नाही ते मात्र पूर्ण आत होते. असे प्रकार फार ठिकाणी आहेत. कागदावर असलेली स्थळे जागेवर सापडेनाशी होतात, ती काही एका रात्रीत चोरीला जात नाहीत. केंद्रीय संरक्षित स्मारके सुमारे ३,७०० आहेत आणि त्यांपैकी ५० सापडत नसल्याचे संस्कृती मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये संसदीय समितीपुढे मांडले होते: १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली आणि उरलेल्या २४ चा ठावठिकाणाच लागत नाही. यातली २४ मला सगळ्यांत जास्त खुपतात. पाण्याखाली गेलेले स्मारक निदान कुठे आहे हे तरी माहीत असते.

आता ज्या कामात माझा जीव अधिक गुंतला, त्या कोकणातल्या कातळशिल्पांकडे येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जांभ्याचे विस्तीर्ण सडे आहेत, वर उघडा कातळ आणि पावसाळ्यात गवत. या कातळावर हत्ती, वाघ, मासे, गेंडे, माणसे आणि कशाशीच न जुळणाऱ्या भौमितिक चौकटी खोदलेल्या आहेत. गावकरी त्यांना पांडवांची चित्रे म्हणत आले. गेल्या काही दशकांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्यासारख्या स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव पायपीट करून ही ठिकाणे उजेडात आणली. त्यातले फारच थोडे श्रेय आम्हा नोकरदारांना जाते, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. आज एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातच हजाराहून अधिक आकृत्या ज्ञात आहेत. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. शेजारी उभे राहिल्यावर तो हत्ती आहे हे कळत नाही, उंचावरून पाहावे तेव्हा कळते, आणि उंचावरून पाहण्याची सोय नसलेल्या माणसाने तो खोदला आहे.

२०२२ मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ अशी नऊ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. लोक मला अभिनंदनाचे फोन करत होते. पण तात्पुरत्या यादीत नाव आल्याने कायद्याचे संरक्षण मिळत नाही. ते द्यायचे तर अधिसूचनाच काढावी लागते, आणि अधिसूचनेसाठी पुन्हा मोजणी, उतारे आणि हरकती. कोकणात सरकारी जमीन मुळात कमी. एकेका सड्याच्या सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास सामाईक खातेदार असतात, त्यातले निम्मे मुंबईत आणि काही हयात नसलेले. म्हणून जिथे जमीन सरकारी निघे तिथे मला सुरुवातीला हायसे वाटायचे.

ते का चुकीचे होते, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. एका सड्यावर सरकारी पड जमिनीत मी दोन मासे, एक बैलासारखा प्राणी आणि एक मोठी चौकट नोंदवली होती. छायाचित्रे, मापे, अक्षांश-रेखांश सर्व घेतले. जमीन सरकारी आहे, मालकाची संमती घ्यायची नाही, तेव्हा हा प्रस्ताव कधीही करता येईल, असे म्हणून मी खासगी जमिनींवरची अवघड प्रकरणे आधी हाती घेतली आणि हे कपाटात ठेवले. दोन वर्षांनी, मार्चमधल्या एका संध्याकाळी, त्या गावचे पोलीस पाटील फोनवर म्हणाले, “साहेब, तुमच्या माशांवर जेसीबी चढलाय.” मी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. रस्ता रुंद करायचा होता, ठेकेदाराकडे रीतसर कागद होता आणि तो कागद देणाऱ्याने जमिनीचा उतारा पाहिला होता. उताऱ्यावर शिल्पांचा उल्लेख नव्हता, कारण तो करा असे मी कोणालाही लिहून कळवले नव्हते. मोबाइलच्या उजेडात आम्ही पंचनामा केला. एक मासा पूर्ण गेला होता, दुसऱ्याची शेपटी गेली होती, बैल आणि चौकट शाबूत होती. ठेकेदार बिचारा माझ्यापेक्षा घाबरला होता. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांना भेटून रस्त्याची आखणी काही फूट सरकवून घेतली आणि त्या आठवड्यात बाकीच्या सर्व सरकारी सड्यांची यादी लेखी स्वरूपात तहसील, बांधकाम आणि ग्रामपंचायत अशा तिन्ही ठिकाणी पोच घेऊन दिली. हे पत्र दोन वर्षांपूर्वी द्यायला मला एक दुपार पुरली असती.

तेव्हापासून माझी रीत अशी झाली की अधिसूचना होईल तेव्हा होवो, पण स्थळ दिसले की त्याच आठवड्यात संबंधित कार्यालयांना जावक क्रमांकासह पत्र द्यायचे. जावक क्रमांक असलेले पत्र फाइलमध्ये राहते, अधिकारी बदलून गेले तरी राहते. आणि गावात निदान दोन माणसे अशी जोडायची की जी फोन करतील. पोलीस पाटील, देवळाचा गुरव, गुरे घेऊन रोज सड्यावर जाणारा म्हातारा, शाळेतले गुरुजी. उक्षी गावात शिल्पाभोवती चिऱ्यांचा कठडा उभा राहिला तो गावाने मनावर घेतल्यामुळे. पहारेकरी सर्व ठिकाणी ठेवता येत नाहीत. वर उल्लेखिलेल्या संसदीय समितीपुढेच हेही आले होते की केंद्रीय स्मारकांसाठी सात हजार रक्षकांची गरज असताना २,५७८ रक्षक केवळ २४८ ठिकाणी नेमता आले.

त्रास देणाऱ्यांत सगळेच दुष्ट नसतात. गुप्तधनाच्या नादाने अमावस्येला समाधीखाली खड्डा खणणारे असतात. त्यांना १८७८ चा निखात निधीचा कायदा ठाऊक नसतो, ज्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. छायाचित्र उठावदार यावे म्हणून कातळशिल्पाच्या रेषांत खडू किंवा चुना भरणारे पर्यटक असतात. (सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात रेषा आपोआप उठून दिसतात, दुपारी बारा वाजता हत्ती शोधायला गेलात तर दोष हत्तीचा नाही.) आणि सर्वांत नाजूक प्रकरण गडप्रेमी तरुणांचे असते, कारण त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला असतो. रविवारी पहाटे उठून गडावर जाणारी ही मुले टाक्यातला गाळ उत्साहाने उपसून दरीत टाकतात आणि त्या गाळाबरोबर खापरे, नाणी, तोफगोळ्यांचे तुकडे, म्हणजे त्या टाक्याचा सारा कालक्रम दरीत जातो. ढासळलेली भिंत ते वर्गणी काढून सिमेंटने बांधतात. सिमेंट दगडापेक्षा घट्ट असते, त्यातून ओल बाहेर पडत नाही, आणि मग ती ओल दगडालाच खाते. चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेला चुना मात्र ओल सोडतो आणि दगडाबरोबर हलतो. त्यांच्यावर गुन्हे दाखल करावेत असे मला कधी वाटले नाही. राज्यात महाराष्ट्र वैभव स्मारक संगोपन योजना आहे, तिच्यात संस्थांना रीतसर करार करून सहभागी होता येते. गाळ चाळणीतून काढायचा आणि प्रत्येक थराची नोंद ठेवायची, हे एकदा समोर बसून दाखवले की हीच मुले आमच्या कर्मचाऱ्यांहून काटेकोर काम करतात, असा माझा अनुभव आहे.

राहिला आपला तिसरा प्रश्न. पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा अन्य विद्यापीठातून एम. ए. केल्यावर ग्रेटर नोएडा येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो, आणि केंद्रात वा राज्यात जाहिराती निघतील तसे अर्ज करता येतात. त्या कधी निघतील याची वाट पाहण्याची तयारी ठेवावी. खापरांचे प्रकार आणि स्तरविज्ञान आपल्याला वर्गात शिकवतीलच. सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचायला कोणी शिकवत नाही, तेव्हा ते आपल्या गावच्या तलाठ्याकडे सुट्टीत बसून शिकून घ्यावे. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी, एप्रिल-मे महिन्यांत, गवत उगवण्याआधी, आपल्याकडच्या प्रत्येक स्थळाची हद्द हातात नकाशा घेऊन पायी फिरून यावे. माझ्या त्या सड्यावर शेपटी नसलेला मासा अजून आहे. त्याच्यापासून चार पावलांवर आता हद्दीचा दगड पुरलेला आहे आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो.