नॉर्वेजियन जोडशब्द: तोडायचे कुठे, आघात कुठे?

प्रश्न: शिक्षणासाठी ट्रॉन्डहाइमला जायचं असल्याने नॉर्वेजियन शिकते आहे. ‘हूसऐएर’ म्हणजे घरमालक. मी तो ‘हू-सै-एर’ असा वाचला, तर शिक्षिकेने थांबवलं. जोडशब्द तोडायचा कुठे आणि जोर कशावर द्यायचा?
– एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर: आधी शब्द सोडवा, अक्षरं नंतर पाडा. तुम्ही ‘स’ पुढच्या स्वराला जोडलात. इथे मात्र हूस (घर) आणि ऐएर (मालक) यांमधली सीमा राखावी लागते. ओळीच्या शेवटी शब्द तोडतानाही तिथेच तोडतात. ‘बीलदेलिंग’ फसवा आहे. बील (मोटार) आणि देलिंग (वाटणी) मिळून मोटारीचा सामाईक वापर. पण लिहिलेल्या शब्दात डोळ्यांना आधी ‘बिल्डे’ (चित्र) दिसतं. तसं वाचलं की दीर्घ ‘ई’ ऱ्हस्व होते आणि ऐकणाऱ्याला शब्द लागत नाही.

लेखनातली एक मेख: नत्त (रात्र) आणि तोग (रेल्वेगाडी) जोडले की तीन ‘टी’ एकत्र येतात, पण दोनच लिहितात. ओळीअखेर तोडलात तर तिसरा परत येतो.

आता आघात. मुख्य आघात बहुतेक वेळा पहिल्या घटकावर असतो, पण त्या घटकाच्या स्वतःच्या आघाताच्या जागी. टेलेफोन हा शब्द ‘फोन’वर जोर घेतो, म्हणून ‘टेलेफोननुम्मर’मध्येही जोर ‘फोन’वरच, ‘टे’वर दिलात तर चुकलं. दुसऱ्या घटकाचा जोर उतरतो, नाहीसा होत नाही. मात (अन्न) आणि बुटिक्क (दुकान) यांच्या ‘मातबुटिक्क’मध्ये मुख्य आघात ‘मात’वर, हलका ‘टिक्क’वर. दुसऱ्या घटकातला दीर्घ स्वरही दीर्घच ठेवा, ‘नत्तोग’मधला ‘ओ’ आखडू नका.

मराठी बोलणाऱ्यांनी सर्वांत जपायचं ते इथे: दोन्ही घटकांना सारखा जोर दिला, की नॉर्वेजियन कानाला दोन सुटे शब्द ऐकू येतात. ‘लम्मेलोर’ एकाच मुख्य आघाताने म्हटलं तर कोकराची तंगडी. ‘लम्मे’ आणि ‘लोर’ सारख्याच जोराने म्हटलं तर लुळ्या मांड्या!

गावांच्या नावांवर हा नियम डोळे झाकून लावू नका. क्रिस्तियानसान आणि क्रिस्तियानसुन या दोन्ही शहरांच्या नावांत मुख्य आघात शेवटच्या अक्षरावर आहे.

सरावासाठी दोन्ही घटक आधी सुटे म्हणा, प्रत्येकाचा जोर कुठे पडतो ते ऐका, मग मध्ये न थांबता जोडा आणि फक्त दुसऱ्याचा जोर कमी करा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकलंत तर सारखा पडलेला जोर लगेच कळतो. सुट्या घटकांचे अर्थ बर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेची भाषा परिषद मिळून चालवत असलेल्या बुकमोल (नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एक) शब्दकोशात मोफत पाहता येतात.